‘फोटो टाका आणि विसरून जा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला सहा-सात जणांनी पाठवला. तो असा: “तुमच्या फोनमध्ये हजारो फोटो नुसते पडून आहेत. ते स्टॉक फोटोंच्या साइटवर टाका आणि विसरून जा. कुणी तुमचा फोटो जितक्या वेळा वापरेल तितक्या वेळा रॉयल्टी मिळेल, तीही आयुष्यभर. कॅमेरा नको, शिकणं नको, खर्च नको. फोटो जितके जास्त तितके पैसे जास्त. कमी पडले तर एआयकडून बनवून घ्या.”

पाठवणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: तू हे करतेस ना, मग यात खरं किती? लेख आणि जाहिराती बनवणाऱ्यांना तयार फोटो पुरवणाऱ्या या साइटवर मी नोकरी सांभाळून फोटो देते, त्यातून पैसे मिळतात आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच या मजकुराचा राग येतो. त्यावर विश्वास ठेवून आलेली माणसं तीन महिन्यांत निराश होऊन निघून जातात. त्याहून वाईट म्हणजे, जाण्याआधी कुणाकुणाचे चेहरे न विचारता बाजारात मांडून जातात.

सगळ्या दाव्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की आपण तिथं फोटो विकतो. आपण फोटो विकत नाही. आपण तो वापरण्याची परवानगी विकतो, म्हणजे लायसन्स. एवढं एक नीट समजलं की बाकीच्या वाक्यांतली हवा आपोआप निघते.

‘जितक्या वेळा वापरेल तितक्या वेळा रॉयल्टी’ हेच वाक्य घ्या. या साइटवरचं बहुतेक लायसन्स ‘रॉयल्टी-फ्री’ असतं. याचा अर्थ फुकट असा नव्हे. ग्राहक एकदा पैसे भरतो आणि मग अटींच्या आत राहून तोच फोटो पुन्हा पुन्हा वापरतो. त्या पुढच्या वापरांचे आपल्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. शटरस्टॉक आणि अॅडोबी स्टॉक या अशाच दोन मोठ्या साइट, दोन्हींच्या साध्या लायसन्समध्ये छापील प्रतींची मर्यादा 5 लाख आहे. माझा फोटो एखाद्या माहितीपत्रकाच्या चार लाख प्रतींवर छापला गेला तरी माझ्या खात्यात एकच डाउनलोड दिसतो. मर्यादेपलीकडे जायचं असेल तर ग्राहकाला वरच्या दर्जाचं लायसन्स घ्यावं लागतं आणि तेव्हा आपल्याला बरी रक्कम मिळते, पण असा दिवस क्वचित उगवतो. वापर कुठं, किती आणि किती काळ हे बघून किंमत ठरवायची जुनी पद्धत होती. तिला राइट्स-मॅनेज्ड म्हणत. गेटी इमेजेस या फोटो एजन्सीनं ती क्रिएटिव्ह, म्हणजे जाहिरातीसारख्या वापराच्या फोटोंसाठी बंद करत असल्याचं 2019 मध्येच जाहीर केलं. मजकूर लिहिणाऱ्याच्या मनातली रॉयल्टी बहुधा त्या जमान्यातली आहे.

आता पैसे. मजकुरात आकडा नाही, आणि घोडं पेंड खातं ते तिथंच. शटरस्टॉकवर आपला वाटा 15 टक्क्यांपासून सुरू होतो आणि डाउनलोड वाढतील तसा पायरी-पायरीनं 40 टक्क्यांपर्यंत चढतो. वर्षाला 100 डाउनलोडपर्यंत पहिली पायरी. 40 टक्के मिळवायला त्याच वर्षात 25 हजारांहून जास्त डाउनलोड लागतात. आणि 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. ही रचना 2020 च्या जूनमध्ये आली. त्याआधी सबस्क्रिप्शनच्या, म्हणजे ठरावीक वर्गणी भरून घेतलेल्या डाउनलोडला 25 ते 38 सेंट ठरलेले असत. आता किमान 10 सेंट. हा टक्का ग्राहकानं त्या एका फोटोमागे प्रत्यक्ष जे भरलं त्यावर मोजतात, आणि मोठं सबस्क्रिप्शन घेणाऱ्याला एक फोटो फारच स्वस्त पडतो. अॅडोबी स्टॉक फोटोंवर 33 टक्के देतं, पण पैसे काढायला खात्यात किमान 25 डॉलर लागतात. शटरस्टॉकवर नुसत्या 10-10 सेंटांनी एवढीच रक्कम जमवायची तर 250 डाउनलोड हवेत. ज्याचे वीस फोटो साइटवर आहेत त्यानं हा हिशेब आधी करावा आणि मगच कॅमेऱ्याच्या हप्त्याचा विचार करावा.

मी हे नाउमेद करायला सांगत नाही. याच डाउनलोडमध्ये मधूनच तीन डॉलरचा, कधी वीस डॉलरचाही निघतो. पण तो कधी निघेल यावर आपला ताबा नसतो आणि त्याच्या भरवशावर कुणी महिन्याचं गणित मांडू नये.

‘फोनमधले पडून असलेले फोटो.’ यात फोनचा दोष नाही, हे आधी सांगते. किमान 4 मेगापिक्सेलची अट आजचा कुठलाही फोन सहज पार करतो. दोष ‘पडून असलेले’ या शब्दांत आहे. पडून असलेला फोटो आपण स्वतःसाठी काढलेला असतो. ते दृश्य आपल्याला आवडलं, त्या दिवसाची आठवण राहावी म्हणून काढलं. विकत घेणाऱ्याला आपल्या आठवणीशी देणंघेणं नसतं. त्याला एक लेख किंवा जाहिरात सजवायची असते आणि शीर्षक बसवायला एका बाजूला मोकळी जागा हवी असते.

माझा सगळ्यात जास्त चाललेला फोटो दिसायला अगदी साधा आहे. गळणारा नळ, त्यावर पाना लावलेला एक हात, नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब, आणि डावीकडे निम्मी चौकट रिकामी. पहिल्यांदा तो साइटच्या तपासणीत रिजेक्ट झाला. मी तो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून पाहिला. थेंब धारदार होता, नखाखालचा काळा मळसुद्धा दिसत होता, आणि पान्याच्या दांड्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव धातूत उठावदार कोरलेलं होतं. छोट्या स्क्रीनवर ते मला दिसलंच नव्हतं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कची परवानगी मी कशी विकणार? नुसती अक्षरं पुसली तर तिथली धातूची चमक सपाट पडायची, म्हणून शेजारचे ओरखडे उचलून एकेक अक्षर झाकत गेले. त्यात पाऊण तास गेला. मग कीवर्ड, म्हणजे ग्राहकाला शोधताना फोटो सापडावा म्हणून त्याला जोडायचे शब्द. ‘नळ’, ‘पाणी’, ‘हात’ हे कुणालाही सुचतात. ग्राहक मात्र ‘दुरुस्ती’, ‘गळती’, ‘पाण्याची बचत’, ‘घरची देखभाल’, ‘प्लंबर’ असं शोधतो. शटरस्टॉकवर किमान 7 आणि जास्तीत जास्त 50 कीवर्ड देता येतात, अॅडोबीवर 49 पर्यंत, आणि अॅडोबीवर पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे. हे शब्द सुचणं हेच या धंद्यातलं अर्धं कौशल्य आहे. ‘शिकणं नको’ म्हणणाऱ्यानं एकदा तरी वीस फोटोंचे कीवर्ड बसून भरावेत.

यापुढचा मुद्दा मजकुरात येतच नाही, आणि माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोठा आहे.

फोनमध्ये पडून असलेल्या फोटोंमध्ये बहुतेक वेळा माणसं असतात. मैत्रीण, भाचा, शेजारच्या आजी, रस्त्यावरचा अनोळखी चेहरा. फोटो मी काढला म्हणून कॉपीराइट माझा, इथपर्यंत ठीक. पण त्या माणसाचा चेहरा जाहिरातीत वापरण्याची परवानगी माझ्याकडे आपोआप येत नाही. त्यासाठी मॉडेल रिलीज लागतं, म्हणजे त्या व्यक्तीची सही असलेलं संमतिपत्र, आणि मूल लहान असेल तर पालकाची सही. रिलीज नसेल तर फोटो फार तर ‘एडिटोरियल’ म्हणून जातो. म्हणजे बातमी, लेख, माहिती यांसाठी, जाहिरातीसाठी नाही.

एकदा मैत्रिणीच्या मुलीचा एक सुरेख फोटो माझ्या हाताला लागला होता. खिडकीच्या काचेवर कपाळ टेकवून बाहेर बघणारी, काचेवर तिच्या श्वासाचं धुकं. मैत्रीण लगेच म्हणाली, “आण, कुठं सही करू?” मी तिला आधी बसवलं आणि सांगितलं, की हा फोटो कोण घेईल ते मला कळणार नाही. एकाकी मुलांवरच्या लेखासोबत तो येऊ शकतो, औषधाच्या पत्रकावर येऊ शकतो. एजन्सीच्या, म्हणजे या साइटच्या लायसन्समध्ये संवेदनशील विषयांसाठी बंधनं असतात. मॉडेलला खरोखरच तो आजार आहे असं सुचवायचं असेल तर तसा वापर चालत नाही, निदान खुलासा छापावा लागतो. पण खुलासा बारीक अक्षरांत असतो आणि चेहरा मोठा. आणि एकदा लायसन्स गेलं की मी माझ्या खात्यातून फोटो काढून टाकला तरी घेतलेल्याचा हक्क राहतो. मैत्रिणीनं सही केली नाही. तो फोटो आज तिच्या भिंतीवर आहे आणि तिथंच तो शोभतो. ‘टाका आणि विसरून जा’ हे शब्द वाचले की मला ती मुलगी आठवते. ज्यांचे चेहरे आपण देऊन टाकतो त्यांना विसरता येत नाही.

वस्तू आणि वास्तूंचंही असंच आहे. आयफेल टॉवर दिवसा खुशाल काढा, पण रात्रीच्या रोषणाईवर वेगळा कॉपीराइट आहे आणि त्या फोटोच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते. पुस्तकाचं मुखपृष्ठ, भिंतीवरचं चित्र, बुटावरच्या पट्ट्या, फोनच्या पाठीवरची खूण, सगळं मोठं करून तपासावं लागतं.

‘आयुष्यभर’ या शब्दाबद्दल थोडंसं. माझ्या नळाच्या फोटोची विक्री दुसऱ्या वर्षी सगळ्यात जास्त होती, मग ओसरत गेली. नव्या फोटोंचा लोंढा रोज येतो आणि आपला फोटो शोधात खाली सरकतो. फोन जुने दिसायला लागतात, कपड्यांची तऱ्हा बदलते, कार्यालयाच्या फोटोतला जाडजूड मॉनिटर सगळं वर्ष सांगून टाकतो. एजन्सीही बदलतात. आयस्टॉकफोटो 2000 मध्ये सुरू झाली आणि 2006 मध्ये गेटीनं ती 5 कोटी डॉलरला घेतली. फोटोलिया ही दुसरी एजन्सी अॅडोबीकडे गेली आणि 2015 मध्ये अॅडोबी स्टॉक सुरू झालं. गेटी आणि शटरस्टॉक यांनी 2025 च्या जानेवारीत विलीन होण्याचा करार जाहीर केला. प्रत्येक वेळी अटी नव्यानं वाचाव्या लागतात. जे काम दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघावं लागतं त्याला विसरून जाण्यासारखं कसं म्हणायचं?

‘जितके जास्त तितके पैसे जास्त’ यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. शटरस्टॉकचे संस्थापक जॉन ओरिंजर यांनी 2003 मध्ये सुरुवात केली ती स्वतः काढलेले सुमारे 30 हजार फोटो घेऊन. म्हणजे संख्या लागतेच. पण एकाच फुलदाणीचे चाळीस कोन म्हणजे चाळीस फोटो नव्हेत. रिव्ह्यू करणारे ‘एकसारखे’ म्हणून ते परत पाठवतात, आणि गेले तरी आपलेच फोटो एकमेकांची विक्री खातात. मी आता एका विषयाचे चार-पाच फोटोच टाकते: एक आडवा, एक उभा, एक मोकळ्या जागेचा, एक जवळून, जमलं तर माणसासह एक. महिन्याला तीस-चाळीसच्या वर माझे जात नाहीत आणि नोकरी सांभाळून ते पुरेसे आहेत.

‘खर्च नको’ म्हणतात, पण वेळ हा खर्च नाही का? शिवाय एजन्सी अमेरिकेतली आणि आपण अमेरिकेबाहेरचे असू तर डब्ल्यू-8बीईएन हा कराचा फॉर्म भरावा लागतो. तो भरला नाही तर तिथल्या विक्रीवर 30 टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो.

राहिला एआय. गेटीनं 2022 मध्येच एआयनं बनवलेल्या चित्रांना बंदी घातली, आणि शटरस्टॉकही आपल्यासारख्या फोटो देणाऱ्यांकडून ती घेत नाही. अॅडोबी स्टॉक घेतं, पण ती एआयची आहेत अशी खूण करावी लागते. न सांगता टाकली आणि पकडली गेली तर खातं बंद होऊ शकतं, आणि त्यात आपले खरे फोटोही जातात. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका अशी, की माणसाची निर्मिती नसलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही. मग परवानगी विकायची ती कशाची? माझं मत सांगते: धूसर पार्श्वभूमी आणि हवेत तरंगणारे आलेख यंत्र कुणालाही बनवून देईल, त्यामागे आपण धावू नये. खरं काम करणारे खरे हात, खरी साधनं नीट पकडलेली, हे आपल्याला जमतं आणि अजून विकलंही जातं.

मजकूर पाठवणाऱ्यांपैकी एकीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि तरीही तिचे दोनशे फोटो माझ्याकडे दिले. आम्ही दोघी दोन तास बसलो. सूर्यास्त बाजूला ठेवले, मुलांचे सगळे बाजूला ठेवले, नॉइज असलेले, म्हणजे दाणेदार दिसणारे गेले. सहा उरले. त्यातला एक तिच्या आईच्या हातांचा आहे: सुईत दोरा ओवताना, दोऱ्याचं टोक ओलं होऊन टोकदार झालेलं, मागं उजेडाची खिडकी आणि उजवीकडे भरपूर मोकळी जागा. चेहरा नाही, पण बोटातली अंगठी आणि मनगटावरचा व्रण ओळखू येतो, म्हणून रिलीज घ्यायचं ठरलं. आज संध्याकाळी ती आईला फॉर्म वाचून दाखवणार आहे, आणि आई नको म्हणाली तर पाचच फोटो पाठवायचे असं तिनं स्वतःच सांगितलं.