हिरवा ठिपका आणि बांधावरचा लिंब

गेले काही दिवस एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. वर दोन उपग्रहचित्रं आहेत: डावीकडे मे २०१६ मधला करपलेला मराठवाडा, उजवीकडे ऑक्टोबर २०२२ मधला हिरवागार. खाली मजकूर: 'सॅटेलाइटने सिद्ध केलं, मराठवाड्यात जंगल परत आलं. नासानेही मान्य केलं. नकाशात झाडं वाढली, झाडतोड जवळपास शून्य. आता तरी रडगाणं थांबवा.' आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. उपग्रहचित्रांवरून जमिनीचे नकाशे करणं हे माझं रोजचं काम आहे आणि माझी शेती केज तालुक्यात आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

'ही दोन चित्रंच बघा.' बघितली. चित्रं खरी असतील, पण त्यांची तुलना खोटी आहे. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले होते, मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यातला मे महिना डावीकडे लावलाय. उजवीकडे ऑक्टोबर, म्हणजे काही सोयाबीन अजून रानात, तूर आणि कापूस उभे, ऊस जोमात, गायरानावर कमरेएवढं गवत. २०२२ चाच मे आणि २०२२ चाच ऑक्टोबर शेजारी ठेवला तरी असाच फरक दिसेल. पाच महिन्यांत जंगल उगवत नाही.

हा हिरवेपणा मोजतात कसा, तेही सांगतो. जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. या दोन्हींच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की उणे एक ते एक या दरम्यानचा एक निर्देशांक मिळतो. या निर्देशांकाला पान कळतं, खोड कळत नाही. सोयाबीनचं पान, उसाचं पान, कडुलिंबाचं पान त्याला सारखंच.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. किनवट-माहूरचं सागाचं रान उन्हाळ्यात पानं गाळतं. म्हणजे मराठवाड्यातलं उत्तम जंगल मे महिन्याच्या चित्रात तपकिरी दिसतं आणि मांजराच्या पाटपाण्यावरचा ऊस त्याच चित्रात गर्द हिरवा. रंगावर विश्वास ठेवला तर ऊस जंगल ठरेल आणि किनवट उजाड.

'नासानेही मान्य केलं.' हा संदर्भ फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दिसतो. जगातला हिरवेपणा वाढण्यात चीन आणि भारत आघाडीवर आहेत, असं त्यात आहे, हे खरं. पण पुढचं वाक्य मेसेजमधून गळालंय: भारतातल्या वाढीपैकी ८२ टक्के वाटा शेतीचा आहे आणि जंगलाचा ४.४ टक्के. शिवाय तो अभ्यास २००० ते २०१७ या काळातला आणि त्यातले हे आकडे अख्ख्या देशाचे. मराठवाड्यातल्या जंगलाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

'नकाशात झाडं वाढली.' सोबत जोडलेले नकाशे युरोपीय अवकाश संस्थेच्या 'वर्ल्डकव्हर'चे आहेत, २०२० चा आणि २०२१ चा. नकाशे चांगले आहेत, मीही वापरतो. पण दोन्ही वर्षांचे नकाशे वेगवेगळ्या पद्धतीने बनवलेत. म्हणून त्यांच्यातला सगळा फरक जमिनीवरचा बदल समजू नका, असं बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. तराजू बदलून वजन वाढल्याचं सांगण्यासारखं हे झालं. सरकारी वनअहवालातलं 'वनआच्छादन' वाचतानाही व्याख्या पाहावी लागते: किमान एक हेक्टर क्षेत्र आणि त्याच्या किमान दहा टक्के भागावर झाडांचं छत्र असलं की जमीन कोणाची, झाड कोणतं, हे न बघता ते मोजलं जातं. त्यात फळबागाही येतात.

आता मला सर्वांत जास्त लागलेला मुद्दा. 'झाडतोड जवळपास शून्य.' झाडतोडीच्या ज्या जागतिक नकाशावरून हे म्हटलंय, तो अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांतल्या ३० मीटरच्या ठिपक्यांवर (पिक्सेलवर) बनतो. असा एक ठिपका म्हणजे जवळपास नऊ गुंठे. पाच मीटरहून उंच झाडांचं छत्र त्या ठिपक्यातून पूर्ण गेलं, तरच तिथे तोड नोंदली जाते. बांधावरच्या एका मोठ्या लिंबाचं छत्र अर्ध्या-पाऊण गुंठ्याचं. नऊ गुंठ्यांत एक लिंब असला काय आणि तोडला काय, नकाशाला पत्ता लागत नाही. जे मुळात झाड म्हणून मोजलंच नाही, ते गेल्याचं कळणार कसं? आपल्याकडची मोठी झाडं आहेतच बांधावर, विहिरीच्या काठाला, रस्त्याच्या कडेला. लिंब, बाभळ, चिंच, आंबा. ट्रॅक्टरला अडतात म्हणून जातात, उसावर सावली नको म्हणून जातात, रस्ता रुंद करायचा म्हणून जातात.

बारीक ठिपक्यांच्या चित्रांवरून शेतातली मोठी झाडं एकेक करून मोजण्याचं काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१८ ते २०२२ या काळात भारतातल्या शेतांतून पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडं नाहीशी झाल्याचं त्यात आढळलं आणि सर्वाधिक ऱ्हास झालेल्या भागांत महाराष्ट्राचं नाव आहे.

मराठवाड्यात कुठेच झाडोरा वाढला नाही, असं मी म्हणत नाही. चराईबंदी टिकली, सलग समतल चर खोदले, तिथल्या उतारांवर गवत आणि सीताफळ परत येऊ शकतं. पण ते ओळखायची रीत वेगळी आहे. एकच जागा घ्यायची आणि वर्षभराच्या सगळ्या चित्रांतून तिच्या हिरवेपणाचा आलेख काढायचा. सोयाबीन तीन-चार महिन्यांची टेकडी दाखवतं. ऊस बहुतेक वर्ष वर राहतो आणि तोडणीला एकदम कोसळतो. झाडोरा हळू चढतो, हळू उतरतो. वर्षामागून वर्षं त्याचा उन्हाळ्यातला तळ वर सरकत असेल, तर तिथे काहीतरी रुजतंय. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात, त्यांचा ठिपका साधारण एका गुंठ्याचा. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत. तरीही शेवटी त्या जागी पायी जावंच लागतं. वर सरकलेली रेघ सीताफळाची आहे, उंदीरमारीची (ग्लिरिसिडियाची) आहे की वेड्या बाभळीची, हे या चित्रांतून नीट कळत नाही.

माझ्या बांधावर चार लिंब होते. वाटणीनंतर बांध कोरला गेला आणि झाडंही गेली. झाडतोडीच्या त्या जागतिक नकाशात आमच्या शिवारावर आजही एक लाल ठिपका नाही. पण गुगल अर्थवर जुनी चित्रं उघडली, की एका चित्रात चारही लिंबांच्या सावल्या शेजारच्या ज्वारीवर पडलेल्या दिसतात. पुढच्या चित्रात तिथे ऊस आहे, बांधापर्यंत.