आत्याचा अंगठा

गेल्या सोमवारी आत्याला घेऊन बँकेत गेले होते. करमाळा तालुक्यातलं गाव, शाखा अकरा किलोमीटरवर, त्यामुळे पासबुक भरायला ती वर्षातून दोनदा गेली तरी खूप. मशीनमधून पासबुक बाहेर आलं आणि त्यात तीन नोंदी अशा, ज्यांचा तिला पत्ताच नाही. २,०००, ३,००० आणि १,५००. तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. त्या हिशेबाने चार महिन्यांहून जास्तीचे पैसे गेले. काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "मावशी, अंगठा लावून काढलेत. अंगठा तुमचाच आहे."

येताना एसटीत ती सबंध वाटभर स्वतःचा अंगठा न्याहाळत होती. खुरपून, कांदे काढून त्यावरच्या रेषा पार झिजल्यात. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच मशीनवर पैसे देणाऱ्या माणसाकडे, पैसे काढायला गेलं की थंब पहिल्या खेपेला कधीच लागत नाही. पदराला बोट पुसायचं, परत ठेवायचं. "नाही घेतला आत्या, अजून एकदा." असं चार-पाच वेळा. त्यातला कुठला खरंच नाकारला गेला आणि कुठल्यावर पैसे निघाले, हे तिला कोण सांगणार? छापील पावती तिला कधीच मिळालेली नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडून दोन वर्षं झाली, म्हणून मेसेजही नाही. पैसे कुणी काढले हे मला अजून माहीत नाही, त्यामुळे मी कुणावर आळ घेत नाही. पण एवढं सहज ते होऊ शकतं, याने माझी झोप उडाली आहे.

आधारवरून पैसे काढायची ही सोय, एईपीएस, चालते कशी ते बघा. बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोट. बोटाचा ठसा वापरला की पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कार्ड लागत नाही. आधारची झेरॉक्स आपण लॉजवर देतो, सिमकार्डवाल्याला देतो, घरमालकाला देतो. राहिला ठसा. तो खरेदीखतावर असतो. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याला अटक झाली होती. जमीन नोंदणीच्या कागदांवरचे ठसे घेऊन त्याने नकली बोटं बनवली आणि त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली. पुढे आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे का हे तपासणारी नवी पद्धत आणली, मशीनही बदलायला लावली. ते चांगलंच झालं. पण "परत ठेवा" म्हणून ठेवायला लावलेलं आत्याचं बोट जिवंतच असतं ना!

मी काही बोटाने पैसे देण्याच्या सरसकट विरोधात नाही. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर पिनऐवजी फोनला बोट किंवा चेहरा दाखवून ५,००० रुपयांपर्यंत पैसे देता येतात. तिथे ठसा आपल्या फोनमध्येच राहतो आणि फोन आपल्या हातात असतो. माझा त्याला फारसा आक्षेप नाही. दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याने टाकलेल्या आकड्यासमोर, वाचता न येणाऱ्या बाईने बोट ठेवायचं, हा व्यवहार अगदी वेगळा आहे. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये हे आपल्या आज्ज्यांना पक्कं माहीत होतं. इथे तर कागदही दिसत नाही. पिन फुटला तर दुपारपर्यंत बदलता येतो. अंगठा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की आयुष्यभरासाठी गेला.

बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे आधारवरचा आपला ठसा कुठेच चालणार नाही असा बंद करून ठेवा, असा सल्ला सगळे देतात. जरूर करा, आधारच्या ॲपवरून होतं. पण त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला लागतो. शिवाय लॉक केलं की रेशन दुकानातल्या मशीनवरही थंब लागत नाही, दर वेळी उघडा आणि पुन्हा बंद करा. साधा बटणाचा फोनही नीट न जमणाऱ्या बाईने हे कसं करायचं?

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एईपीएसची मशीन चालवणाऱ्यांची नीट पडताळणी करायला आणि त्यांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवायला बँकांना सांगितलं, ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झालं. हवंच होतं. पण खातेदाराच्या हातात काय आलं? माझं म्हणणं एवढंच आहे की ही सोय प्रत्येक खात्यावर मुळात बंद असावी. ज्याला हवी त्याने शाखेत सही किंवा अंगठा देऊन चालू करून घ्यावी, महिन्याला किती निघावेत हेही त्यानेच ठरवावं. आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याला छापील पावती दिल्याशिवाय व्यवहार पूर्णच होऊ नये.

"अंगठा तुमचाच आहे" या उत्तरावर मात्र गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. उद्या शाखेत लेखी अर्ज देणार आहे, पोच घेऊनच निघणार. त्या तीन व्यवहारांची वेळ, मशीनचा क्रमांक आणि चालवणाऱ्याचं नाव मागणार आहे.

तुमच्यापैकी कुणाला अशा प्रकरणात पैसे परत मिळाले असतील तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं ते मला कळवा. काल रात्री आत्याने विचारलं, "आता दुसरं बोट दिलं तर चालंल का गं?" तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.