लोकशाही बळकट करा, पण बाकड्यावरून

जगातली लोकशाही बळकट करायची असेल, तर आधी साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाच्या गाड्याजवळचं बाकडं धरा. नऊच्या आत धरलेलं बरं. उशीर झाला तर मंडळी अमेरिका आटपून पुढं गेलेली असतात.

विषय लांबचा घ्यावा. जितका लांब, तितकं मत ठाम देता येतं. स्वित्झर्लंड उत्तम. तिथल्या ग्लारुस प्रांतात लोक अजून चौकात जमून, हात वर करून कायदे करतात. २००७ साली मतदानाचं वय १६ वर आणलं तेही असंच. हे सांगताना आपणही हात वर करावा. चहावाला अजून एक चहा पाठवतो, तो घ्यावा. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे, न केल्यास दंड. ‘आपल्याकडं हेच पाहिजे!’ असं म्हणून बाकड्यावर थाप मारावी. गेल्या मतदानाच्या सुट्टीला आपण गणपतीपुळ्यात होतो, हे काढू नये.

घात करतो तो औंधवाला. एखादा निघतोच. म्हणतो, कशाला स्वित्झर्लंड? आपल्याच जिल्ह्यात औंधच्या राजानं १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्यानं, कारभार गावपंचायतींच्या हाती दिला, ७२ गावांचं संस्थान होतं. अशा माणसाला वेळीच आवरावं. औंधला एसटी जाते. जिथं एसटी जाते तिथली लोकशाही चर्चेला घेऊ नये, पाहुणे निघतात. इंग्रजांविरुद्धचं पत्री सरकार चालेल. त्यात प्रत्येकाचे आजोबा होते.

राहिली ग्रामसभा. तिथं जाऊन गर्दी करू नका. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यातला कमी आकडा लागतो. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे तुम्ही घरी बसलात की कारभार किती मोकळा होतो बघा.

गावचा अनुभव सांगतो. १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकून, जिलेबीचा पुडा घेऊन आम्ही पारावर आइसलँडवर बोलत होतो. तिथं लोकांनी निवडलेल्या माणसांनी २०११ साली राज्यघटनेचा मसुदा लिहिला, पुढच्या वर्षी जनतेनं कौलही दिला, आणि संसदेनं तो तसाच पडू दिला. भयंकर राग आला होता. तेवढ्यात शिपाई सह्यांचं रजिस्टर घेऊन आला.

“सभा झाली?”

“झाली की. तुमची सही तेवढी ऱ्हायलीय.”

ठराव कसला, ते कागदाच्या वरच्या अंगाला असावं. त्यावर त्याचा अंगठा होता. ७७ नंबरला सही केली. पाकाचं बोट लागून जरा फिसकटली.

“लोकांना विचारतच नाहीत हो हे आइसलँडवाले,” मी म्हणालो, आणि पेन परत दिलं.