खटखट ऐकू आली पाहिजे

टायपिंगमध्येही सुख असते, असे आमच्या गावात कोणाला सांगितले तर तो आधी माझ्याकडे आणि मग माझ्या घरच्यांकडे काळजीने पाहील. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात चिंता करायला झाडांवरची कोळशी आहे, डिंक्या रोग आहे, फळगळ आहे, ऐन तोडणीच्या वेळी पडणारा भाव आहे. कीबोर्डचे बटण बोटाला कसे लागते, हा विषय त्या पंगतीत बसत नाही. परंतु मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. पीकविम्याची मुदत जवळ आली की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लोकांची नावे, गट क्रमांक आणि बँकेची खाती बडवणे हाच माझा धंदा असल्यामुळे, कीबोर्डशी जमते की नाही यावर माझा दिवस आणि घरी गेल्यावरचे माझे बोलणे, दोन्ही अवलंबून असते.

बाजारात सर्रास मिळणारा स्वस्त कीबोर्ड उघडून पाहिला, तर आत रबराची एक पातळ चादर निघते. प्रत्येक बटणाखाली तिला एक फुगवटा असतो. बटण दाबले की फुगवटा खचतो, त्याखालच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांवरील दोन ठिपके एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. म्हणजे बोटाला प्रत्येक अक्षरासाठी तळ गाठून यावे लागते, आणि एवढे करूनही अक्षर लागले की नाही, याचा बोटाला पत्ता नसतो. खात्री डोळ्यांनी पडद्यावर करून घ्यावी लागते. नवेपणी हे खपून जाते. पुढे जिनिंगकडून उडत येणारी रुई, उन्हाळ्याची धूळ आणि कूलरची ओल यांनी रबराचा जीव जाऊ लागतो, आणि तोही सरसकट जात नाही. जे बटण जास्त राबते, ते आधी मान टाकते.

मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट नावाच्या अक्षरमांडणीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे, अशी वाटणी आहे. काना इंग्रजी ई च्या बटणावर बसतो आणि हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, डी च्या. आमच्याकडे जोडाक्षराशिवाय बारसे होत नसल्यामुळे हलन्ताच्या बटणाला उसंत म्हणून मिळत नाही. ते थकले की विठ्ठलाचा ‘विठठल’ होतो, पुरुषोत्तमाचा ‘पुरुषोततम’ होतो, आधारवरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळत नाही, आणि अर्ज परत येतो. असा परत आलेला अर्ज हातात धरून एक काकाजी मला भर गर्दीत म्हणाले होते, “भाऊ, माह्या बापानं जोडून ठेवलेलं नाव तुम्ही फोडून टाकलं ना!” यावर रबराच्या फुगवट्याचे शास्त्र सांगण्याची ती वेळ नव्हती.

संत्र्याच्या हंगामात आणखी निराळी तऱ्हा. काउंटरला टेकून कोणी संत्रे सोलले की सालीचा तेलकट फवारा आणि फोडीचा रस थेट कीबोर्डवर येतो, आणि दोन दिवसांत कान्याचे बटण चिकटू लागते. एकदा खाली गेले की ते वर यायला राजी नसते. रामरावांच्या ‘रा’पुढे कान्यांची रांग लागते आणि एका अक्षराला दोन काने संगणकाला मान्य नसल्यामुळे तो प्रत्येक जादा कान्यासाठी ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ मांडून ठेवतो. सोलणाऱ्याला मनाईही करता येत नाही, कारण पिशवीतली उरलेली संत्री त्याने माझ्यासाठीच आणलेली असतात.

ज्यांनी तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली आहे, त्यांना या रबराचे दुःख अधिक. गोदरेजने १९५५ साली देशी टंकयंत्र बाजारात आणले. त्याच घराण्यातल्या एका खिळखिळ्या यंत्रावर मी शिकलो. करंगळीचा जीव निघे, दोन दांड्या एकदम उठून एकमेकींत अडकत, फितीच्या शाईने बोटे काळी होत. पण दांडी कागदावर आपटली की अक्षर उमटल्याची वर्दी बोटाला, कानाला आणि शेजारच्या सायकल दुकानाला एकाच वेळी मिळत असे. स्वस्त कीबोर्डने मेहनत वाचवली आणि तिच्यासोबत ही वर्दीही काढून नेली.

ती परत मिळवून देणारी माणसे जगात होती. आयबीएमच्या १९८५ च्या मॉडेल एम कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग आहे. दाबता दाबता ती एका क्षणी बाजूला वाकते, खट्‌ आवाज होतो, आणि नेमके तेव्हाच अक्षर लागते. त्याच दशकात जर्मनीच्या चेरी कंपनीने प्रत्येक बटणाखाली एकेक बसणारे एमएक्स नावाचे स्विच काढले, आणि आज मिळणाऱ्या बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डांतील स्विच त्यांच्याच वळणावर घडवलेले असतात. त्यांची जात रंगावरून ओळखावी. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरीला मध्ये एक हलका उंचवटा लागतो, आणि निळा त्या उंचवट्यावर वाजतोही. बटण सुमारे चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर जवळपास निम्म्या वाटेतच लागते. म्हणून सरावलेले बोट तळाला न जाता तेथूनच परत फिरते.

माझ्या मते सगळे सुख या निम्म्या वाटेत आहे. वेगाचे कौतुक करणाऱ्यांनी ते खुशाल करावे; मला बटणाने ‘लागले’ एवढे सांगावे, प्रत्येक वेळी सारख्याच जागी सांगावे, आणि करंगळीखालच्या बटणानेही तर्जनीखालच्या बटणाइतक्याच प्रामाणिकपणे सांगावे, एवढीच अपेक्षा आहे. कीबोर्डला थोडे वजन हवे, नाहीतर तो सनमायकाच्या टेबलावर सरकत सरकत गिऱ्हाइकाकडे जातो. स्पेसबारखालची तार खुळखुळत असेल, तर बाकी सगळे सोन्याचे असूनही उपयोग नाही, कारण प्रत्येक शब्दानंतर अंगठा तेथेच पडायचा आहे. बटणांचे प्लॅस्टिक खरखरीत राहणारे असावे. साधे लवकरच घासून गुळगुळीत होते आणि मे महिन्यात घामाने बोट त्यावरून निसटते. देवनागरीचे स्टिकर लावले तर खरखर, गुळगुळीत सगळे सारखेच, वर त्यांचा गोंद उन्हाळ्यात पातळ होऊन अक्षरे शेजारच्या बटणावर मुक्कामाला जातात. मी ते सारे सोलून टाकले. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, म्हणजे मराठीत पहिली वेलांटी आणि ‘र’. दोन्ही तर्जन्या तेथे टेकल्या की बाकीचे गाव बोटांना आपोआप सापडते.

असा तपकिरी स्विचांचा कीबोर्ड आणून मी पहिला अर्ज अलगद, जवळजवळ निःशब्द भरला आणि कृतार्थ होऊन मान वर केली. पडदा माझ्या बाजूला असल्यामुळे पलीकडच्या माणसाला फक्त माझे खांदे दिसतात. तो म्हणाला, “भाऊ, नुसते बोटं काय फिरवून राह्यले? अर्ज भरनं सुरू कधी करसान?” त्या आठवड्यात पैसे देताना प्रत्येकाने खळखळ केली. जे काम ऐकूच आले नाही, त्याचे पैसे का द्यावेत, हा त्यांचा मुद्दा खोडायला कठीण होता.

माझ्या कीबोर्डचे स्विच उपटून बदलता येतात. मी चिमट्याने तपकिरी काढले आणि निळे बसवले. गिऱ्हाइकांचा विश्वास त्याच दिवशी परतला. उरलेले काम मात्र रात्री घरी आणावे लागते, आणि तेथे आतल्या खोलीतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, सोयाबीनची मळणी आटोपली असंन तं झोपा आता!” तेव्हापासून घरी लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बेचव टायपिंग करतो, आणि निळ्या स्विचांची चंगळ केंद्रापुरती ठेवली आहे.

परवा दुपारी लाइन गेली आणि पाठोपाठ इन्व्हर्टरनेही राम म्हटला. पडदा काळा झाला, अर्धा भरलेला अर्ज बुडाला, आणि मी हताशपणे बोटांशी चाळा करीत बसलो. निळा स्विच आपला आपणच वाजतो, त्याला विजेची गरज नाही. समोर बाकावर बसलेले काकाजी बराच वेळ ती खटखट ऐकत होते. उठताना त्यांनी रांगेतल्या इतरांना दटावले, “गलका नका करू बे! लाइन गेली तरी भाऊचं काम सुरूच हाय.” आणि ठरलेले पैसे काउंटरवर ठेवून ते निघूनही गेले.