सुटे भाग संपले की कॅमेरा संपतो

जुने कॅमेरे टिकाऊ आणि नवे तकलादू, असे कट्ट्यावर कुणीही म्हटले की सगळे माना डोलावतात. परंतु कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळणाऱ्या आमच्या मित्राने या वेळी ते मान्य करायला साफ नकार दिला. निमित्त होते दादांनी, म्हणजे आमच्यातल्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या ज्येष्ठ मित्राने, सोबत आणलेल्या निकॉन एफएम2 या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे. त्यांनी त्यातली बॅटरी काढली, मागचे झाकण उघडले आणि शटर दाबून दाखवले. एका सेकंदापासून 1/4000 सेकंदापर्यंतचे सगळे वेग बॅटरीवाचून चालत होते, कारण या कॅमेऱ्यात बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला. झाकणाच्या खाचेतला, बाहेरचा प्रकाश अडवणारा फोम मात्र विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता. "हा खरवडायचा आणि नवा चिकटवायचा, की पुन्हा कामाला लागतो," दादा म्हणाले.

"दादा, जे मोडले ते कधीच भंगारात गेले," मित्राने उत्तर दिले. "उरले तेवढेच तुमच्या हाती येतात आणि त्यांच्यावरून तुम्ही सगळ्या जुन्या मालाची प्रतवारी ठरवता." आयुष्य मुद्दाम कमी करण्याचा प्रकार घडलाच नाही, असे त्याचे म्हणणे नव्हते. 1924 साली दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी 'फीबस' नावाचा करार करून दिव्याचे आयुष्य सुमारे 1000 तासांवर आणून ठेवले आणि जास्त टिकणारे दिवे करणाऱ्या सदस्यांना दंड ठोठावला, हे त्यानेच सांगितले. परंतु कॅमेऱ्यांच्या बाबतीत तसा करार दाखवा, हा त्याचा आग्रह होता.

हिशेबाचे काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने कॅननचा दाखला दिला. 1987 मध्ये कंपनीने ईएफ माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची नवी रचना, आणला आणि लोकांकडच्या जुन्या एफडी माउंटच्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यांवर बसेनाशा झाल्या. इथे मला मित्राचीच बाजू पटली. फोकसची मोटर लेन्समध्ये ठेवून तिच्याशी केवळ विजेच्या संपर्कांद्वारे संवाद साधायचा, तर जुनी यांत्रिक जोडणी सोडणे भाग होते, आणि त्यातून वेगवान ऑटोफोकस खरोखरच मिळाला. अशा प्रत्येक बदलाला कटकारस्थान ठरवले, तर खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते.

खरी तक्रार माझ्या मते वेगळी आहे. एफएम2 थोड्याफार सुधारणांसह 1982 पासून 2001 पर्यंत बनत राहिला. पेंटॅक्सचा के1000 1976 पासून 1997 पर्यंत. एकच रचना दोन दशके चालली, म्हणून तिचे भाग साठले, ती ज्यांच्या हाताखालून गेली असे कारागीर तयार झाले आणि एका बंद कॅमेऱ्यातून दुसरा चालू करता येऊ लागला. आज दर दोन-चार वर्षांनी मॉडेल बदलते आणि त्याबरोबर आतले सर्किट बोर्डही बदलते. शटर लाख-दोन लाख क्लिकनंतर थकते, हे गृहीतच असते आणि भाग मिळाला तर ते बदलताही येते. परंतु बोर्डावरची एखादी खास चिप गेली आणि ती कुठेच मिळत नसली, तर उत्तम लेन्स, शाबूत सेन्सर आणि धातूची मजबूत बॉडी, सगळेच निरुपयोगी ठरते. कुणी दुष्ट हेतूने आयुष्य कापलेले नसते, तरी ग्राहकाच्या पदरी तेच पडते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

म्हणूनच हेतू सिद्ध करण्याच्या मागे लागू नये, असे मी म्हणालो. फ्रान्सने 2015 मध्ये नियोजित कालबाह्यता, म्हणजे वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी ठेवणे, हा गुन्हा ठरवला खरा, पण उत्पादकाच्या मनातले न्यायालयात सिद्ध करणे कठीण असते. त्यापेक्षा युरोपीय संघाचा बॅटरीचा नियम मला अधिक उपयोगी वाटतो: 2027 पासून, काही अपवाद वगळता, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. तिथे हेतूचा प्रश्नच येत नाही. बॅटरी निघते की नाही, एवढेच पाहायचे.

मॉडेल बंद करताना दुरुस्तीची पुस्तिका आणि सर्किटचे आराखडे खुले करावेत, इथपर्यंत मित्र आला. सुटे भाग मात्र किती वर्षे साठवायचे, यावर तो अडून बसला, कारण गोदामाचा खर्च शेवटी किमतीतच मिसळतो. मैत्रिणीने त्याला विचारले की तो खर्च पहिल्याच दिवशी उघडपणे किमतीत दिसला, तर दहा वर्षांच्या वापरावर वाटून तो नव्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त भरेल का. त्याने आकडेमोड करून सांगतो म्हटले आहे.