शंभर टक्के निकालाची खात्रीशीर रीत

आपण एखाद्या अनुदानित माध्यमिक विद्यालयाच्या संचालक मंडळावर असाल, मुख्याध्यापक असाल किंवा नुसतेच शिक्षणप्रेमी नाशिककर असाल, तर यंदा आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे. 2025 साली राज्यातील नियमित विद्यार्थ्यांचा निकाल 94.10 टक्के लागला होता, म्हणजे निम्म्याहून अधिक काम परीक्षा मंडळानेच करून ठेवलेले असते. उरलेल्या टक्क्यांसाठी शिकवत बसणे हा फार लांबचा रस्ता झाला. जवळचा रस्ता मला गेल्या आठवड्यात शहरातल्या एका शाळेच्या कार्यालयात फुकट दाखवण्यात आला, तो आपल्यापर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट म्हणजे नववीच्या दारावर चांगला लिपिक बसवा. आमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी महापालिकेच्या शाळेतून आठवी झाली. ती शाळा आठवीलाच संपते, म्हणून तिच्या वडिलांसोबत मी नववीच्या प्रवेशासाठी गेलो. लिपिकाने दाखला हातात घेतला. आधी जुन्या शाळेचे नाव वाचले, मग जातीच्या रकान्यातले ‘हिंदू कोकणा’ वाचले, मग जन्मस्थळापुढचे ‘ता. सुरगाणा’ हे आदिवासी तालुक्याचे नाव वाचले आणि सर्वांत शेवटी प्रगतिपत्रक उलटून गणितासमोरची ‘क’ श्रेणी पाहिली. ‘जागा भरल्या’ हे उत्तर मात्र त्याने सुरगाण्यापाशीच ठरवलेले होते. त्याच्या डोक्यावर ‘प्रवेश सुरू’ असा फलक होता. वडील बाहेर गेल्यावर त्याने मला आपला माणूस समजून हळूच सांगितले, ‘‘साहेब, ही मुलं निकाल पाडतात. तिला दोन वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगा ना.’’

या वाक्याचे महत्त्व आपण ओळखलेच असेल. सतरा नंबरवाला विद्यार्थी खासगी विद्यार्थी म्हणून बसतो, त्याची टक्केवारी मंडळ वेगळी काढते, त्यामुळे तो नापास झाला तरी आपल्या फलकावर शिंतोडा उडत नाही. पास झाला तर ‘आमचाच माजी विद्यार्थी’ म्हणून सत्काराला बोलावता येतो.

अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आपल्याच हातात असतात, त्यावर अधिक सांगणे नको.

कायद्याची भीती बाळगू नका. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा चौदा वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंत मुलाचा हात धरतो. शाळेतला खिचडीचा डबाही आठवीलाच बंद होतो. नववीत मूल एकटे असते, तेव्हा जी काही छाटणी करायची ती तिथेच करावी.

ही छाटणी करण्याआधी पट भरावा लागतो, आणि यातली कलाकुसर नवख्यांना जमत नाही. जून उजाडला की आपले शिक्षक सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, पंचवटीतल्या झोपड्यांत दारोदार फिरतात. ‘दप्तर देतो, गणवेश देतो, रिक्षा लावून देतो, पण पाचवीला आमच्याकडेच घाला,’ असे हात जोडून सांगतात, कारण पट घटला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या सरकारी हिशेबात, पदे जातात, शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि समायोजनात दुसऱ्या कुठल्या शाळेत फेकले जातील याचा नेम नसतो. त्या दिवसांत बिहारहून आलेल्या फिटरचा मुलगा चालतो, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची मुलगी चालते, घरात पुस्तक नसलेला, मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणारा कोणीही चालतो, कारण तो पटावरचा एक आकडा असतो आणि त्या आकड्यावर आपला पगार निघतो. तेच मूल नववीच्या वार्षिक परीक्षेपाशी आले की एकदम ‘कच्चे’ ठरते. मग वडिलांना बोलावले जाते, समोर कोरा कागद ठेवला जातो आणि वर्गशिक्षक मजकूर सांगतात : ‘घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.’ त्या माणसाच्या घरी त्या दिवशी कोणतीही अडचण नसते. अडचण शाळेला असते, सही त्याची असते. पाच वर्षे ज्याच्या डोक्यावर तुम्ही नोकरी टिकवली, त्याला गणित शिकवायला तुम्हाला वेळ झाला नाही आणि हाकलायला मात्र झाला!

असो. उपदेशाचा सूर सुटायला नको.

पेठ-सुरगाण्याकडचे पालक द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला जातात, आणि ऐन पूर्वपरीक्षेच्या सुमारास मोठी मुलगी घरी भावंडे सांभाळत बसते. तिची गैरहजेरी चोख नोंदवा, कारण विचारू नका.

यू-डायसचे, म्हणजे शाळेच्या सरकारी माहिती-नोंदीचे, रकाने मात्र मनापासून भरा. प्रवर्ग, मातृभाषा, दारिद्र्यरेषा, दिव्यांगत्व, सगळे भरा. फक्त तो तक्ता आणि दहावीचा निकाल एका टेबलावर येणार नाहीत याची काळजी घ्या, कारण कोणाची मुले आत आली आणि त्यांपैकी कोणाची दहावीला बसली, हे एखाद्या चिकित्सक पालकाला दिसले तर फ्लेक्सचा खर्च वाया जाईल.

महापालिकेच्या माध्यमिक शाळेशी तुलना जरूर करा, कारण ती आपल्याच बाजूने लागते. तिला ‘जागा भरल्या’ म्हणण्याची सोय नसते आणि आपण नाकारलेलीही तिच्याच पदरात पडतात.

आता साधे बोलतो. निर्यातीच्या पेटीतले निवडक घड दाखवून अख्खी बाग आपण पिकवली म्हणणाऱ्याला दिंडोरीत कोणी उभे करणार नाही, आणि तुम्ही तेच करून चौकाचौकांत फोटो लावता. तुमच्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, त्यात त्या वॉचमनने काडेपेटीवर भरलेला करही आहे. अनुदान शंभर टक्के घ्यायचे आणि मुले मात्र वेचून घ्यायची, हा निर्लज्जपणा आहे. ज्या घरात चौथीपुढे कोणी गेले नाही, तिथल्या मुलीला शिकवून 48 टक्क्यांपर्यंत आणणारा शिक्षक तुमच्या 97 टक्केवाल्याच्या शिकवणी लावलेल्या निकालापेक्षा जास्त काम करतो, आणि त्याचा फ्लेक्स कोणी छापत नाही. आणि आपण पालकही कमी नाही. शंभर टक्के वाचले की रांग लावतो, शंभरातले किती उरले हे विचारत नाही. पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना एवढेच विचारा : ही मुले पाचवीत होती तेव्हा पट किती होता, आणि बाकीची कुठे आहेत? उत्तर मिळाल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.