फुटात मोजतो, पाय कशाला?

सोसायटीच्या खजिनदारकीचा परवा मला वीट आला. वीट कसली, पेव्हर ब्लॉकच.

बकुळीभोवतीच्या गोल हिरवळीला चार फूट रुंदीचा वॉक-वे झाला. ठेकेदाराचं बिल आलं: ५०३ चौरस फूट, दर ८० रुपये, एकूण ४०,२४०.

"हे ५०३ कुठून काढलेत?"

"बाहेरचा घेर सव्वाशे फूट आठ इंच. गुणिले चार. करा हिशेब."

"अहो, पण आतला घेर जेमतेम शंभर भरतो!"

"आतल्या बाजूने कोण चालणारे, साहेब?"

मी आवाज शक्य तितका मऊ ठेवला. "मोठ्या वर्तुळातून लहान वजा करायचं असतं. पाय गुणिले..."

"पाय? आम्ही फुटात मोजतो साहेब. मध्ये पाय कशाला घालता?"

वॉचमनकाका हसले. सेक्रेटरीही हसले, ते जास्त लागलं. त्यावर ठेकेदार अगदी मायेने म्हणाला, "मधल्या हिरवळीचे पैसे लावलेत का मी? दुसरा असता तर अख्खा गोल लावला असता." त्याच्या या उदारपणाबद्दल मी थँक्यू म्हणता म्हणता राहिलो.

शाळेत ही गणितं रग्गड केली होती. 'एका वर्तुळाकार बागेभोवती ७ मीटर रुंदीचा रस्ता आहे.' त्रिज्या कायम १४ नाहीतर २१, बावीस सप्तमांशाची सोय बघून. पण त्या बागेच्या बरोबर मध्यावर बकुळीचं खोड असेल तर त्रिज्या मोजायला टेप कुठे धरायचा, हे सरांनी कधी सांगितलं नाही.

तरी तोड आहे. टेप आतल्या कडेला नुसता टेकवून सरळ ताणायचा, दोन्ही टोकं बाहेरच्या कडेवर. येईल त्या लांबीच्या निम्म्याचा वर्ग करून पायने गुणायचं. पायथागोरसच्या कृपेने केंद्राची गरजच पडत नाही. वॉचमनकाकांनी एक टोक धरलं. बरोबर २४ फूट! निम्मे १२, वर्ग १४४, क्षेत्रफळ ४५२. म्हणजे ५१ चौरस फूट रस्ता हवेत बांधलेला, किंमत ४,०८० रुपये.

मी विजयी मुद्रेने वर बघितलं. ठेकेदार टेपकडे बघत होता.

"रस्ता गोल आहे, साहेब. तुम्ही सरळ मोजताय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी! त्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरही होते.

गोलाईत ब्लॉक कापावे लागतात, तुटतात, वाया जातात, हे मला मान्य आहे. मग बिलात 'कटिंग' म्हणून लिहा ना सरळ. मी मुकाट्याने दिले असते. क्षेत्रफळ कशाला फुगवायचं?

"जाऊ द्या हो," सेक्रेटरी म्हणाले, "चार हजारांसाठी कशाला तोंड वाईट करायचं?"

गेल्या महिन्यात माझा मेंटेनन्स दोन दिवस उशिरा गेला, तेव्हा याच गृहस्थांनी मला २१ रुपये दंड लावला होता. पावतीसकट.

चेकवर सही खजिनदाराचीच लागते. केली.